स्टँड मिक्सर घ्यायचा की नाही? खान्देशातल्या घरांसाठी पायरीपायरीने

तीन वर्षांपूर्वी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन दिवस उरले होते आणि सासूबाईंचं उजवं मनगट सुजलं. खापरावरच्या (चुलीवर उपड्या ठेवलेल्या मातीच्या भांड्यावरच्या) पुरणपोळ्यांचं पीठ आमच्या घरात त्याच तिंबतात. त्या वर्षी मी आणि जाऊबाईंनी मिळून तिंबलं. पोळ्या फाटल्या, पुरण खापरावर सांडलं, आणि सासूबाई मनगटाला पट्टी बांधून बाजूला बसून बघत राहिल्या. त्यांचं ते बसणं मला बघवलं नाही. पुढच्याच महिन्यात मी घाईने स्टँड मिक्सर मागवला आणि घाईत चुकीचा मागवला. तो सहा महिन्यांत बंद पडला. दुसरा मात्र शोधून, विचारून घेतला, तो आजही चालतो आहे.

अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा अशा गावांत हे यंत्र दुकानात मांडलेलं क्वचितच दिसतं. बहुतेकांना ते फोटो बघून मागवावं लागतं, म्हणून पैसे घालायच्या आधी पुढच्या पायऱ्या क्रमाने करून बघा.

१. आधी हे यंत्र काय करतं ते समजून घ्या

आपल्याकडे "मिक्सर" म्हटलं की चटणी-वाटणाचा मिक्सर. स्टँड मिक्सरचा त्याच्याशी संबंध नाही. याला वाटायची पाती नसतात, यात दाण्याचा कूट होत नाही आणि शेवभाजीचा मसालाही वाटला जात नाही. मोठं स्टीलचं भांडं एका जागी स्थिर असतं. वरच्या डोक्याला लावलेला हुक स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी भांड्याच्या आत गोल चक्कर मारतो. मळायला हुक, कालवायला चपटा बीटर आणि हवा भरून फेटायला तारांचा व्हिस्क, अशी तीन साधनं सोबत येतात.

अमेरिकेतल्या हॉबार्ट कंपनीने घरगुती वापरासाठी असं पहिलं यंत्र १९१९ मध्ये बाजारात आणलं. त्याआधी ते बेकऱ्यांसाठी बनत होतं. म्हणजे यंत्राची घडण मैद्याच्या मऊ पिठासाठी आणि केकच्या मिश्रणासाठी झालेली आहे. आपलं गव्हाचं घट्ट पीठ त्याला जड जातं. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे अर्धे प्रश्न सुटतात.

२. महिनाभर वही ठेवा

खरेदीचा विचार पक्का करण्याआधी एक महिना थांबा. साधी वही, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि मोबाइलमधलं घड्याळ एवढंच लागतं. रोज तीन गोष्टी लिहा: काय मळलं किंवा फेटलं, किती वजनाचं, आणि हात किती मिनिटं गुंतले.

आमच्या वहीत निघालं ते सांगते. चार माणसांच्या पोळ्यांना अर्धा किलो पीठ, मळायला सात मिनिटं. हेच यंत्रात केलं तर मळायला सहा मिनिटं आणि भांडं-हुक धुवायला पाच. रोजच्या पोळ्यांसाठी यंत्राने माझा एक मिनिटसुद्धा वाचत नाही. शिवाय मोठ्या भांड्यात थोडं पीठ असलं की ते हुकाला गोळा होऊन नुसतं फिरत राहतं, मळलं जात नाही. म्हणजे "रोजच्या कणकेसाठी" हे कारण आमच्यापुरतं त्या वहीनेच खोडलं. तुमच्या घरी रोज दीड-दोन किलो पीठ लागत असेल, डबे जात असतील, तर तुमची वही वेगळं सांगेल.

लिहिताना हात दुखले का, हेही लिहा. वेळ वाचणं आणि दुखणं वाचणं हे दोन वेगळे हिशोब आहेत. सासूबाईंच्या बाबतीत दुसराच खरा होता.

३. आपल्या पदार्थांशी यंत्र ताडून बघा

यंत्राबद्दलची माहिती बहुतेक वेळा ब्रेड, केक आणि कुकीजची असते. आपल्या घरात काय होतं ते बघा.

भाकरी: ज्वारी, बाजरी, कळणा (ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं पीठ), यातलं काहीच यंत्राचं काम नाही. या पिठांत गव्हासारखी तार धरणारं ग्लुटेन नसतं, त्यामुळे कितीही वेळ फिरवलं तरी चिकटपणा येत नाही. तो येतो गरम पाण्याने आणि तळहाताने काठवटीत घासून. माझी चुलत सासू यंत्र बघून पहिलं हेच म्हणाली, "हाई मशीन भाकर थापस का?" तुमच्या घरात दोन्ही वेळा भाकरीच होत असेल तर पुढचं वाचण्याआधी तिचा प्रश्न स्वतःला विचारा.

खापरावरची पुरणपोळी, म्हणजे मांडे: यंत्राने माझं मन जिंकलं ते इथे. गहू ओलवून बारीक दळायचे, वस्त्रगाळ करायचे, आणि ते सपीट सैल भिजवून इतकं तिंबायचं की पोळी हातांवर, कोपरापर्यंत पसरली तरी फाटू नये. हाताने याला आमच्याकडे पाऊण तास लागतो. पीठ उचलायचं, परातीत आपटायचं, पाण्याचा हबका मारायचा, पुन्हा उचलायचं. मनगट जातं ते यात. यंत्रात मी असं करते: एक किलो सपीट, चिमूटभर मीठ आणि आमच्या पिठाला साधारण पाऊण लिटर पाणी. पाणी तीन वेळा वाटून घालायचं. सर्वांत कमी वेगावर चार-पाच मिनिटं कालवायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. मग आठ मिनिटं मळायचं, दहा मिनिटं यंत्राला आणि पिठाला विश्रांती, पुन्हा आठ मिनिटं. शेवटी शेवटी पीठ भांड्याच्या कडा सोडून हुकाला लपेटतं आणि फटफट आवाज येऊ लागतो. तो आवाज ओळखायला शिका. मग बोटं ओली करून लिंबाएवढा गोळा घ्या आणि उजेडासमोर ताणा. पडद्यासारखा पातळ होऊन पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. मध्येच फाटला तर अजून तीन-चार मिनिटं. सासूबाई आता फक्त ही परीक्षा घेतात आणि पोळी पसरतात. पोळी पसरायचं काम त्यांनी कुणाला दिलेलं नाही, आणि यंत्राला ते येतही नाही.

बट्टी: इथे जपून. वरण-बट्टीचं पीठ भरड, त्यात थोडा मका, ओवा, तेलाचं मोहन आणि पाणी कमी. हे पीठ हुकाला दगडासारखं लागतं. माझं पहिलं यंत्र यातच गेलं, ती हकीकत पुढे येईल. आता मी फक्त कोरड्या पिठाला मोहन चोळायचं काम बीटरने करते आणि पाणी घातल्यावर हाताने मळते. शंकरपाळ्यांनाही तेच.

लोणी: हा फायदा मला आधी माहीतच नव्हता. आठवड्याच्या सायीला विरजण लावून, थंडगार करून व्हिस्क लावला की साधारण दहा मिनिटांत लोणी येतं. साय थंड नसेल तर लोणी मऊ पडतं आणि ताकापासून नीट सुटत नाही. मात्र लक्ष ठेवा. साय आधी घट्ट होते, व्हिस्कच्या रेषा उमटू लागतात, आणि मग अचानक ताक सुटून बाहेर उडतं. रेषा दिसल्या की वेग कमी करा आणि झाकण लावा.

श्रीखंड: दोन-तीन किलो चक्का साखरेसह बीटरने छान एकजीव होतो. एवढं श्रीखंड वर्षातून दोनदाच होत असेल तर त्यासाठी यंत्र घेऊ नका.

पुरण: बीटरने पुरण मऊ होतं, पण डाळीची सालं आणि न शिजलेले कण तसेच राहतात. पुरणयंत्राच्या जाळीची बरोबरी होत नाही.

केक: रावेर-यावलकडची पिकलेली केळी घरात पडून असली की केळ्याचा केक होतोच. त्याला काटा आणि मोठा चमचा पुरतो. पीठ घातल्यावर यंत्राने जास्त फिरवलं तर केक चिवट होतो. क्रीम फेटायला हँड बीटर चालतो. ऑर्डरी घेत असाल, एका दिवशी चार-पाच केक करत असाल, तर स्टँड मिक्सर खरोखर उपयोगी, कारण तो क्रीम फेटत असताना तुमचे दोन्ही हात मोकळे राहतात.

ब्रेड आणि पाव: आठवड्यातून दोनदा करत असाल तर घ्या. महिन्यातून एकदा करत असाल तर सातवी पायरी आधी वाचा.

४. ओटा, सॉकेट आणि मे महिना

मोजपट्टी घेऊन ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंतची उंची मोजा. बऱ्याच यंत्रांचं डोकं मागे उचलावं लागतं, आणि उचलल्यावर दीड फूट किंवा जास्त जागा लागते. चांगलं यंत्र दहा-बारा किलोंचं असतं. ते रोज माळ्यावरून काढ-घाल करणं शक्य नाही. ज्याला ओट्यावर कायमची जागा मिळत नाही ते यंत्र वापरलं जात नाही, हे मी तीन घरांत पाहिलं आहे. हलकं यंत्र घट्ट पिठाबरोबर ओट्यावर सरकत कडेला जातं, त्यामुळे मळताना त्याच्याजवळून हलायचं नाही.

सॉकेट कुठलं आहे तेही बघा. साधं लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं. २३० व्होल्टवर १००० वॉटचं यंत्र साडेचार अँपिअरच्या आसपास घेतं, ते चालेल. १५०० वॉट म्हणजे साडेसहा अँपिअर, त्याला १६ अँपिअरचं मोठं सॉकेट हवं. अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. भांडं आणि हुक धातूचे असतात, आणि आपण ओल्या हाताने काम करतो.

आता उन्हाळा. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि आखाजीही एप्रिल-मेच्या त्याच उन्हात येते. यंत्र मळताना घर्षणाने पीठ तापवतं. यीस्टचं पीठ मळून झाल्यावर २४ ते २७ अंशांच्या आसपास असावं. आपल्या स्वयंपाकघरात पीठ डब्यातच त्याहून गरम असतं, म्हणून बर्फाचं पाणी वापरा आणि शक्य तर पीठ आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा. केकसाठी लोणी-साखर फेटायची तर लोणी १८ ते २० अंशांचं हवं. मे महिन्याच्या दुपारी ते तेलकट होऊन बसतं, हवा धरत नाही. मी ही कामं पहाटे साडेपाचला करते. मोटारीलाही ती वेळ मानवते. वीज मध्येच गेली तर वेगाचं बटण आधी शून्यावर आणा. नाहीतर वीज आल्याबरोबर यंत्र आपोआप सुरू होऊ शकतं.

५. वॉट बघून भुलू नका, गिअर विचारा

माझं पहिलं यंत्र घेताना मी एकच आकडा बघितला, १५०० वॉट. जास्त वॉट म्हणजे जास्त ताकद असं वाटलं. यंत्र विजेच्या तारेतून किती ओढतं ते वॉट सांगतात. हुकाला किती जोर मिळतो ते ठरतं मोटार आणि हुक यांच्यामधल्या गिअरवर. किचनएडच्या डोकं उचलायच्या यंत्रावर ३०० वॉट लिहिलेलं असतं आणि ते व्यवस्थित पीठ मळतं, कारण आतले बरेचसे गिअर धातूचे असतात आणि मोटारीचा जोर गिअरमधून थेट हुकाला पोहोचतो.

माझ्या यंत्रात प्लास्टिकचा गिअर होता. दिवाळीनंतर पाहुणे आले, मी सव्वा किलो बट्टीचं पीठ त्यात घातलं. दोन मिनिटांनी आवाज जाड झाला, हुक अडखळू लागला. मी वेग वाढवला. आतून करकर आली, हुक थांबला आणि मोटार मात्र फिरतच राहिली. उघडून बघितलं तर गिअरचे दात घासून भुगा झाले होते, ग्रीसमध्ये पांढरे कण दिसत होते. जिल्ह्यात दुरुस्तीची सोय नव्हती. यंत्र पार्सल करून पाठवलं, सात आठवड्यांनी परत आलं, आणि "क्षमतेपेक्षा जास्त वापर" असं लिहून खर्च माझ्याकडूनच घेतला गेला. पुस्तिका नंतर नीट वाचली. कमाल पीठ ८०० ग्रॅम, तेही मैद्याचं, असं त्यात छापलेलं होतं. नवा गिअरही फार टिकला नाही.

म्हणून विकत घेण्याआधी हे प्रश्न विचारा:

- गिअर कशाचे आहेत, धातूचे की प्लास्टिकचे?
- जास्तीत जास्त किती ग्रॅम पीठ? गव्हाच्या पिठासाठी वेगळा आकडा दिला आहे का?
- सलग किती मिनिटं चालवायचं आणि मग किती वेळ थांबायचं?
- सुटा गिअर आणि हुक विकत मिळतात का, आणि दुरुस्ती कोणत्या गावात होते?

लिटरच्या आकड्यानेही फसगत होते. "५ लिटर" हे भांड्याचं माप आहे. त्यात पाच लिटर पीठ मळता येतं असा त्याचा अर्थ नाही. घट्ट पिठासाठी मी पुस्तिकेतल्या कमाल आकड्याच्या निम्म्यावर थांबते.

६. पैशांचा हिशोब

साधी यंत्रं सहा-सात हजारांपासून मिळतात, नावाजलेली परदेशी त्याच्या कितीतरी पट. समजा १२,००० रुपयांचं घेतलं आणि ते पाच वर्षं चाललं. आठवड्यातून दोनदा वापरलं तर ५२० वेळा, म्हणजे एका वेळचे २३ रुपये. महिन्यातून एकदाच वापरलं तर ६० वेळा, एका वेळचे २०० रुपये. तुमच्या वहीतला आकडा इथे घालून बघा. विजेचा खर्च नगण्य आहे, १००० वॉटचं यंत्र दहा मिनिटं चाललं तर युनिटचा सहावा भाग जळतो.

पोळ्या किंवा केक विकत असाल तर वाचलेला वेळ तुमच्या दराने मोजा. दुखरं मनगट मात्र या गणितात बसवू नका, ते वेगळं आणि वरचं कारण आहे.

७. आधी हे स्वस्त उपाय करून बघा

पहिला उपाय फुकट आहे. पीठ आणि पाणी नुसतं कालवून अर्धा तास झाकून ठेवा, मग मळा. पीठ पाणी पितं आणि ग्लुटेनची जाळी आपोआप धरायला लागते. मळायचं काम निम्म्यावर येतं. आपल्या आयाबाया "पीठ मुरू दे" म्हणतात ते याचसाठी.

दुसरा, चटणीच्या मिक्सरसोबत किंवा फूड प्रोसेसरसोबत येणारं मळायचं पातं. अर्धा किलो कणीक दीड-दोन मिनिटांत होते. मांड्यांच्या पिठाला ते पुरत नाही, कारण पीठ लवकर तापतं.

तिसरा, इडलीचं वाटण करायचा वेट ग्राइंडर घरात असेल तर त्याला कणीक मळायचा दांडा मिळतो का बघा. चौथा, क्रीम आणि अंडी फेटायला हँड बीटर. तो एक-दोन हजारांत येतो.

यातल्या एखाद्याने वहीतली तक्रार मिटली तर तिथेच थांबा.

८. घ्यायचं ठरलंच तर

जवळ ठेवायच्या गोष्टी: जीएसटीचं पक्कं बिल, तारीख आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, यंत्राच्या तळाशी असलेल्या अनुक्रमांकाचा फोटो, पुस्तिका आणि मूळ खोका. खोका महिनाभर फेकू नका. ऑनलाइन मागवलं तर खोका फोडल्यापासून यंत्र सुरू करेपर्यंत सलग व्हिडिओ काढा. परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते बघून त्या मुदतीतच मांड्यांचं पीठ मळून बघा. केकवर परीक्षा घेतली तर दोष कळत नाही. वॉरंटीत "घरगुती वापर" असं लिहिलेलं असतं. ऑर्डरी घेणाऱ्यांनी ती ओळ आधी वाचावी.

दुकानात यंत्र बघायला मिळालं तर डोकं हाताने धरून हलवा. जोडाजवळ खडखड होत असेल तर ते घेऊ नका.

९. पहिल्या महिन्यात

रिकाम्या भांड्यात एक नाणं टाका, बीटर लावा आणि सर्वांत कमी वेगावर दोन-चार चकरा फिरवा. बीटरने नाणं दर फेरीला अर्धा-एक सेंटीमीटर पुढे ढकललं तर उंची बरोबर. अजिबात हललं नाही तर तळाशी पीठ कोरडं राहील, आणि बीटर खरडत असेल तर भांडं घासेल. बऱ्याच यंत्रांच्या मानेजवळ एक स्क्रू असतो, त्याने उंची जुळवता येते. बंद करून, प्लग काढूनच जुळवा.

मळताना वेग पहिला किंवा दुसरा, त्यापुढे नाही. आवाज जाड झाला की थांबवा, वेग वाढवू नका. पाण्याचा हबका द्या किंवा पीठ दोन भागांत करा. डोक्यावर तळहात ठेवून बघा, हात ठेववत नसेल इतकं तापलं असेल तर अर्धा तास बंद. पदर खोचून घ्या, केस बांधा, बांगड्या मागे सारा, आणि हुक फिरत असताना कडेचं पीठ चमच्याने सोडवायला जाऊ नका.

उन्हाळ्यात यंत्र बरेच दिवस पडून राहिलं तर आतलं ग्रीस पातळ होऊन हुकाच्या दांड्यावरून खाली येतं. पिठात काळपट तेलाचा थेंब दिसला तर ते पीठ वापरू नका. यंत्र रिकामं दोन मिनिटं चालवा, दांडा कोरड्या फडक्याने पुसा, आणि थेंब पुन्हा पुन्हा येत असेल तर वॉरंटी कार्ड काढा. मी आता दर पंधरा दिवसांनी, काही मळायचं नसलं तरी, यंत्र दोन मिनिटं फिरवते आणि खाली जुनी ताटली ठेवते.